विंगेतलं वाक्य

“साहेब कोर्टात गेलेत,” देशकर वकिलांचा मुन्शी म्हणाला.

नेमका त्याच वेळी आतल्या खोलीतून साहेबांचा खोकला ऐकू आला.

“कोर्टात जाताना खोकला इथंच ठेवून गेले का जी?” मी विचारलं.

मुन्शी बिचारा पोटार्थी माणूस. त्याने मान खाली घातली आणि समोरच्या कागदावर उगाच एक शिक्का मारला. माझ्या शेजारी बाकावर दयारामभाऊ बसला होता, उजवा पाय सरळ पुढे टाकून. तो पाय गुडघ्यात वाकत नव्हता. पायजम्यावर नडगीपाशी पिवळसर ओला डाग पडला होता आणि त्यावर बसू पाहणारी माशी तो हातातल्या टोपीने हाकलत होता.

“हिरा, हळू बोल गा,” तो म्हणाला. “मोठा मानूस हाये.”

दयारामभाऊ जन्मभर हळूच बोलला. त्याचा धंदाच तो होता. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीकडच्या धानाच्या मुलखात, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री तिकीट लावून नाटक. आज या गावात, उद्या त्या गावात, आणि नाटक रोज वेगळं. एवढी नाटकं पाठ कोण करणार? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. तो पुस्तकातलं वाक्य कुजबुजतो, आम्ही ते उचलतो आणि गर्जना करून लोकांच्या अंगावर फेकतो.

मी खलनायक होतो. हिरामण नाकतोडे हे नाव पोस्टरवर दिसलं की बायका घरूनच शिव्या ठरवून यायच्या. एका हंगामात वीस-पंचवीस खून सहज पाडायचो, पण कुणाला कशासाठी मारलं हे दुसऱ्या दिवशी मला सांगता आलं नसतं. ते दयारामभाऊला ठाऊक. तो वाक्य द्यायचा, मी मारायचो. इतक्या वर्षांत त्याने एकाही नटाला रंगमंचावर उघडं पाडलं नव्हतं. वीज गेली, पाऊस आला, प्रेक्षकांत हाणामारी झाली, तरी त्याचं वाक्य वेळेवर यायचंच.

अशा माणसाच्या पायावर, आमच्या नाटक कंपनीच्या मेटॅडोरला ट्रकने धडक दिली तेव्हा, पडद्यांची लोखंडी पेटी पडली. सरकारी दवाखान्यात पायात सळी घातली. हाड जुळलं म्हणाले, पण जखम भरली नाही. पू वाहतच राहिला. नागपूरच्या डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं होतं की हाड आतून नासत चाललंय, येत्या सोमवारी भरती व्हा, ऑपरेशन करू, पाय वाचेल. हा हिवाळा असाच काढला तर मांडीपासून कापावा लागेल. ऑपरेशनचे पैसे आधी भरायचे होते.

आणि पैसे होते. हेच तर डोक्यात जाणारं होतं. देशकर वकिलांनी केस लढवली होती, दयारामभाऊ जिंकला होता, ट्रकच्या विमा कंपनीने नव्वद हजार रुपये कोर्टात भरले होते. तिथून पुढे मात्र पैसा हलेना. प्रत्येक वेळी देशकर म्हणायचे, पुढच्या सोमवारी ये. एका सोमवारी साहेब बाहेरगावी, दुसऱ्या सोमवारी चेक वटायचा बाकी, तिसऱ्या सोमवारी बँकेला सुट्टी. दयारामभाऊ दर सोमवारी त्या पायाने दोन बस बदलून ब्रह्मपुरीला यायचा आणि परत जायचा. या वेळी सोमवारची वाट न पाहता, गुरुवारीच, मी मुद्दाम त्याला घेऊन आलो होतो.

मी उठलो आणि मुन्शीला न विचारता आतलं दार ढकललं.

“अरे, या, या! नाकतोडे!” देशकर वकील खुर्चीतून अर्धे उठले. गोरेपान, टक्कल पडलेले, बोटात पुष्कराज. “मुन्शी, तीन चहा सांग. स्पेशल. अरे दयाराम, तूही आलास? बस, बस. पाय कसा आहे?”

“हाये जी तसाच.”

“हे बघ, तुझं काम माझ्या डोक्यात आहेच. फक्त ती विमा कंपनी अपिलात जाते की काय, एवढं एकदा...”

“कंपनी अपिलात गेली नाही,” मी म्हणालो. “पैसे वैशाखातच निघाले कोर्टातून. तुमीच उचलले. आत्ता कोर्टातल्या बाबूले विचारूनच आलो आमी.”

वकील थांबले. पंखा फिरत होता, टेबलावरचे कागद फडफडत होते. त्यांनी एका कागदावर पेपरवेट ठेवलं, मग तेच उचलून दुसऱ्यावर ठेवलं. केस सुरू करताना त्यांनी दयारामभाऊच्या सह्या घेतल्या होत्या, आठ-दहा कोऱ्या कागदांवर. आमच्याकडे वकिलाने सही कर म्हटलं की माणूस फक्त कुठे एवढंच विचारतो.

“उचलले म्हणजे खाल्ले नाहीत,” ते शेवटी म्हणाले. “सुरक्षित आहेत. याच्या घरात असते तर सहा महिन्यांत उडाले असते. परवा आमच्या चिचटोल्याची मंडई. मंडप, नाटक कंपनीचा ॲडव्हान्स, लाइट, माइक... सगळं मला आधी भरावं लागतं. तिकिटं विकली जाऊ दे, मग बघू.”

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. चिचटोला हे देशकरांचं गाव. तिथल्या नाटकाचा ठेका दरवर्षी त्यांचाच, आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. नाटकाचं वेड असं की कोर्टात कमी आणि तालमीत जास्त. आणि या वर्षी त्या नाटकाच्या मंडपाला खांब लागले होते ते दयारामभाऊच्या पायाचे. माझा स्वतःचा ॲडव्हान्ससुद्धा त्याच पैशातून आला असणार. माझं डोकं सणकलं.

मी उठून उभा राहिलो, छाती काढली आणि आवाज पोटातून काढला, जो ऐकून पुढच्या रांगेतली पोरं रडायची.

“वकील! पैसे टाका या गरिबाचे. नाही तर...”

नाही तर काय? मला काहीच सुचेना. सवयीने माझा कान मागे गेला. मागे दयारामभाऊ खाली मान घालून बसला होता. त्याने वाक्य दिलं नाही. मी बोट उगारून तसाच उभा.

देशकर आधी गालात हसले, मग मोठ्याने. “पुढचं विसरलास वाटतं! बस, चहा घे. अरे, तुझंच काय, माझंही तसंच. दयाराम नसला की नाटकातला माझा रावसाहेब मुका.” मग ते त्याच्याकडे वळले. “परवा येतोस ना प्रॉम्प्टिंगला? दुसरा कुणी चालायचा नाही मला.”

“येईन जी,” दयारामभाऊ म्हणाला.

मला वाटलं, याच्याच डोक्यात पेपरवेट घालावं.

बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत मी तरातरा पुढे चालत राहिलो. तो मागून पाय ओढत येत होता. बाकावर टेकल्यावर त्याने पायजमा वर करून फडकं बदललं. जखमेचा वास आला आणि शेजारचा माणूस उठून पलीकडे गेला.

“येईन जी!” मी त्याच्या आवाजाची नक्कल केली. “लाज नाही वाटत तुले? तो तुह्या पायावर मंडप टाकते आन् तू त्याले वाक्य द्याले जाते!”

“काम घेतलं हाये मी. दोन महिन्यांपासून सांगून ठेवलं त्यायनं.”

“बरं, जा. जाच तू.” मला एकाएकी सुचलं होतं आणि मी त्याच्याकडे सरकलो. “त्यायनंच सांगितलं ना, दयारामबिगर मी मुका मनून? मंग कर त्यायले मुकं. शेवटच्या अंकात, भर प्रवेशात, पुस्तक मिटून टाक. हजारो लोकं समोर. तिथी उभं राहून कान लावू दे त्यायले. सांग, पुढच्या सोमवारी देतो वाक्य. पाय तं जाचाच हाये, निदान त्यायची इज्जत तं जाऊ दे.”

दयारामभाऊने बशीत चहा ओतला आणि फुंकत राहिला.

“वाक्य अडवू का मी?” तो म्हणाला.

“त्यायनं तुहे पैसे अडवले नाही?”

“त्यायचं त्यायच्यापाशी. नट तिथी उभा असते हिरा, त्याच्या अंगावर उजेड असते, सारी लोकं पायत असते. त्याले मांगं हटता येत नाही. अस्या मानसाचं वाक्य अडवाचं? खुनी असला तरी मी वाक्य देईन. तुले नाही का देत?”

मी रागाने चहाचे पैसे दिले आणि आम्ही वेगवेगळ्या बसने गेलो.

मंडईच्या दिवशी चिचटोल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सनईवाले, जिलबीची दुकानं, पाळणे, बैलगाड्या, ट्रॅक्टर. मंडपात संध्याकाळपासूनच बायकांनी घोंगड्या टाकून जागा धरलेल्या. देशकर वकील सगळीकडे हिंडत होते, कुणाला नमस्कार, कुणाला खांद्यावर थाप. गाव त्यांना मानायचं, हे मान्य करायला हवं. गावात पहिला वकील झालेला माणूस.

रंगपटात मी मिशा चिकटवत होतो तेव्हा दयारामभाऊ आला. चेहरा लाल, डोळे चकाकत होते. हात लावून पाहिला तर अंग तापलं होतं.

“भाऊ, नोको बसू आज. कोनी दुसरा वाचन.”

“दुसऱ्याचा आवाज साहेबाले समजत नाही. उजव्या विंगेत स्टूल ठेवाले सांग मले. पाय लांब टाकाले जागा पायजे.”

“सोमवार परवा हाये,” मी म्हणालो. “समजते का? परवा. पैसे नाही भरले तं पाय कापन तो डॉक्टर.”

“समजते.”

“मंग काय करनार हायेस?”

त्याने पुस्तक छातीशी धरलं. जवळ विजेरी होती, ती एकदा लावून पाहिली, विझवली. “पायतो,” म्हणाला, आणि विंगेकडे गेला. तो ‘पायतो’ मला नवा होता. दयारामभाऊ नेहमी हो म्हणायचा नाहीतर नाही.

नाटकाचं नाव सांगत नाही, तसली पन्नास नाटकं आमच्याकडे आहेत. देशकर होते न्यायी मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, रावसाहेब. मी त्यांचा लबाड दिवाणजी. मी रामजी नावाच्या गड्याची जमीन गिळायची, त्याच्या बायकोवर डोळा ठेवायचा, रावसाहेबांच्या कानाशी लागायचं, आणि शेवटच्या प्रवेशात पकडलं जायचं. दरवर्षीसारखंच.

खरं सांगतो, त्या दिवशी दयारामभाऊने वाक्यं दिली तशी कधी दिली नव्हती. आवाज तापाने बसला होता, तरी एक शब्द इकडचा तिकडे नाही. देशकर तर पहिल्यापासून रंगात आले होते. कान किंचित उजवीकडे कलता ठेवायचा, वाक्य आलं की डोळे मिटून घ्यायचं आणि मग लांबवून, घोळवून सोडायचं. टाळ्यांवर टाळ्या. मी प्रत्येक प्रवेशात वाट पाहत होतो. आता मिटेल पुस्तक, आता मिटेल. एक अंक गेला, दुसरा गेला. वाक्य येतच राहिलं. तिसरा अंक सुरू होईपर्यंत माझी आशा सुटली. हा माणूस सोमवारी पाय कापून घेईल, पण वाक्य अडवणार नाही, असं मी मनाशी म्हटलं, आणि मला त्याचा एवढा राग आला की पुढचा खून मी जरा जास्तच जोरात केला.

शेवटचा प्रवेश आला. शिपायांनी मला दोरीने बांधलं आणि डाव्या टोकाला, तबलेवाल्याच्या अंगावर नेऊन उभं केलं. लोक शिट्ट्या मारत होते. “हाना त्याले! जोड्यानं हाना!” एक म्हातारी खुर्चीवर चढून ओरडत होती. पलीकडच्या टोकाला, उजव्या विंगेच्या अगदी जवळ, रावसाहेब उभे. त्यांच्या पायाशी रामजी, म्हणजे गावातले शाळामास्तर, गुडघे टेकून बसलेले. आता रावसाहेबांनी म्हणायचं, ‘ऊठ रामजी. तुझी जमीन तुला परत मिळेल,’ मग टाळी, मग पडदा. एवढं मलाही पाठ होतं.

देशकरांनी हात वर केला. गोंगाट हळूहळू खाली आला. त्यांचा कान विंगेकडे कलला.

“ऊठ...” ते म्हणाले. “ऊठ, दयाराम.”

मास्तर अर्धवट उठले आणि तसेच थांबले. दयाराम? पुढच्या रांगांत चुळबुळ झाली. दयारामला तिथे कोण ओळखत नव्हतं? त्याच्या पायाचं, त्याच्या पैशांचं सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं, फक्त वकिलांच्या तोंडावर कुणी काढत नव्हतं.

देशकरांनाही कळलं. नाव तोंडातून गेल्यावर कळलं. ते विंगेकडे पाहायला लागले. मी डाव्या टोकाला होतो, तिथली कुजबुज माझ्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. दिसत होते फक्त देशकर. कपाळावरचा रंग घामाने ओघळत होता. ते पाहत होते, पाहतच होते. तबलेवाल्याने माझ्या पायाला चिमटा काढून विचारलं, “का झालं गा?” मी टाचा उंचावून विंगेकडे मान ताणली. पुस्तक मिटलं का भाऊने? का दुसरं काही देतोय?

मंडपात इतकं शांत झालं की जनरेटरची घरघर ऐकू आली.

मग देशकरांनी मान वळवली. विंगेकडून कान काढून घेतला आणि तोंड सरळ लोकांकडे केलं. बोलले ते रावसाहेबांच्या घोळवलेल्या आवाजात नाही.

“तुझा पैसा माझ्यापाशी आहे, दयाराम. वैशाखापासून आहे. तो तुझ्या पायाचा पैसा आहे. उद्या सकाळी, या मंडपाचा एक खांब हलायच्या आधी, तो तुझ्या हातात पडेल. सगळं गाव साक्षी आहे.”

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा मंडप उठला. अशी टाळी मी माझ्या आयुष्यात पुन्हा ऐकली नाही. पडदा पडला तरी ती चाललीच होती. मास्तर अजून अर्धे उठलेलेच होते.

मी दोरी सोडवायची वाट न पाहता, बांधलेल्या हातांनीच उजव्या विंगेत धावलो. देशकर माझ्या समोरून, रंग न पुसता, कुणाशी न बोलता निघून गेले. दयारामभाऊ स्टुलावर बसला होता. मांडीवर पुस्तक उघडं, विजेरी विझलेली, दात वाजत होते.

“भाऊ! काय वाक्य देल्लं गा! काय वाक्य देल्लं!”

त्याने माझ्याकडे पाहिलं.

“पानी दे,” म्हणाला.

सकाळी मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो. भाऊ रंगपटात, पडद्यांवर झोपलेला. एकेक करत गाव जमत होतं. कुणी काही बोलत नव्हतं, तंबाखू मळत होते, पण घरी कुणी जात नव्हतं. मंडपवाला खांब काढायला आला तर दोघांनी त्याला बाजूला बसवलं. मी मनात भांडणाची तयारी करत होतो. दिवसाच्या उजेडात माणूस रात्रीचं बोलणं विसरतो, आणि वकील तर हमखास विसरतो.

देशकर आले. डोळे सुजलेले, कानामागे थोडा रंग राहिलेला. काखेत एक गाठोडं. आल्या आल्या त्यांनी तोंड सोडलं.

“कुठे आहे तो दयाराम? फसवलं मला! पुस्तकात नाही ते माझ्या तोंडी घातलं! तीस वर्षं विश्वास ठेवला त्याच्यावर, त्याचं हे फळ? नाटकातलं वाक्य आहे ते, त्याला कायद्याने काडीची किंमत नाही!”

कालची म्हातारी पुढे आली. तिने पदर खोचला.

“वकीलसाहेब, आमी जागेच होतो,” ती म्हणाली. एवढंच.

देशकरांनी तिच्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. “घ्या!” ते ओरडले आणि काखेतलं गाठोडं माझ्या अंगावर फेकलं. “सांगा त्याला, पुन्हा तोंड दाखवू नको म्हणावं!” आणि वळून निघाले. गाठोडं जड होतं. तिकिटांच्या पैशांचं. चुरगळलेल्या दहाच्या, वीसच्या नोटा, सुतळीने बांधलेल्या गड्ड्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाय वाचला. वाकला कधीच नाही, पण राहिला. दयारामभाऊ त्यानंतर कितीतरी हंगाम विंगेत बसला. देशकर वकिलांनी ही गोष्ट जाईल तिथे सांगितली. लग्नात, तेरवीत, बाररूममध्ये. ‘त्या दयारामनं मला भर रंगमंचावर फसवलं बरं का!’ आधी चिडून सांगायचे, नंतर नंतर हसून. आणि गंमत म्हणजे पुढच्या मंडईला प्रॉम्प्टर म्हणून बोलावणं आलं ते दयारामभाऊलाच. लोकांनाही हीच गोष्ट आवडायची, प्रॉम्प्टरने वकिलाला कसं वाक्यात पकडलं ती. मीसुद्धा ती कधी खोडली नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून त्या सोमवारच्या नागपूरच्या बसमध्ये काय बोलणं झालं ते सांगतो.

त्याला खिडकीशी बसवलं होतं, पाय माझ्या मांडीवर. भिवापूर मागे गेलं होतं. गाठोडं मी दोनदा मोजलं होतं आणि माझा हिशेब जुळत नव्हता.

“भाऊ, वकिलानं फी कापली नाही गा. पुरे नव्वद हजार हायेत.”

तो बाहेर पाहत होता. धानाची कापणी चालली होती.

“चुकले असन रागाच्या भरात,” मीच म्हणालो. “पन येक सांग. येवढं वाक्य तुले सुचलं कसं? मंडपाचा खांब हलाच्या आंधी! तुह्या पायाचा पैसा! वा!”

“मले नाही सुचलं,” तो म्हणाला.

“मंग?”

“रामजीच्या जागी माहं नाव देल्लं. तेवढं मुद्दाम केलं. वाक्य अडवाचं नव्हतं मले, पन येक आपलं द्याचं होतं. तिन्ही अंक मनात जुळवत होतो. आन् नेमकं तिथी आलो तं काहीच येईना. तीस वर्सं लोकायचं वाचलं, हिरा. आपलं मनून येक वाक्य बनवता आलं नाही.”

मी गाठोड्यावर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिलो.

“मनजे... ते सारं...”

“मी गप्प होतो. साहेबानं माह्याकडं पायलं. मी साहेबाकडं पायलं. वाक्य नव्हतंच माह्यापाशी.” त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मंग त्यायनं मान वळवली.”

मला तो वळलेला कान आठवला. गावाने एक शब्द मागायच्या आधी बांधून आणलेलं गाठोडं आठवलं. मग एकदम म्हणालो, “अरे, पन तो तुह्या नावानं शिमगा करत फिरते! फसवलं मनते! लोकायले खरं सांगाले पायजे आपून.”

“नोको.”

“काहून नोको?”

दयारामभाऊ जन्मभर बोलला तसाच, हळू, माझ्या कानापाशी वाकून बोलला.

“वाक्य कोनाचं होतं, हे प्रॉम्प्टरनं सांगाचं नसते.”